रिपोर्ट नॉर्मल, मग ते काय होतं?

पॅनिक अटॅकबद्दल विचारणारी पत्रं या सदराकडे सतत येतात. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलेलं असतं, म्हणून इथे फक्त गाव दिलं आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : वय ३४, राहणार डोंबिवली. रोज सकाळच्या फास्ट लोकलने फोर्टला जातो. गेल्या महिन्यात ठाणं सुटलं आणि अचानक छातीत धडधडायला लागलं. श्वास पुरेना, दरदरून घाम, हातपाय गार. आता आपण जाणार, असंच वाटलं. घाटकोपरला लोकांनी उतरवून दवाखान्यात नेलं. ईसीजी, टूडी एको, रक्त, सगळं नॉर्मल. 'काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,' म्हणून घरी पाठवलं. काही झालेलं नाही, तर मग ते काय होतं? घरचे म्हणतात, मनाचे खेळ.

उत्तर : ते खरं होतं, हे आधी सांगतो. नाडी खरंच पळत होती, घाम खरंच आला होता, हात खरंच गार पडले होते. तपासण्यांवरून हृदय निरोगी आहे एवढं कळलं. तुम्हाला त्रास झालाच नाही, असं त्यावरून कोणी ठरवू नये. तुमच्या वर्णनावरून आणि रिपोर्टवरून हा पॅनिक अटॅक वाटतो.

समजा, रस्त्यात बैल अंगावर धावून आला. क्षणात ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. हृदय जोरात चालतं, कारण मांड्यांना आणि दंडांना रक्त हवं असतं. त्वचेकडचं रक्त कमी होतं, म्हणून हात गार पडतात. अंग तापणार म्हणून घाम आधीच सुटतो. पचन थांबतं, म्हणून पोटात गोळा येतो आणि तोंडाला कोरड पडते. पळणाऱ्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही, त्याचं सगळं लक्ष बैलाकडे असतं. तुमच्या बाबतीत हीच सगळी तयारी झाली, पण समोर बैल नव्हता आणि डब्यात पळायला जागाही नव्हती. मग लक्ष वळलं ते स्वतःच्या छातीकडे.

खरी मेख पुढे आहे. छाती धडधडली की मन कारण शोधतं आणि सर्वांत भयंकर कारण पटकन हाताशी येतं : हार्ट अटॅक. त्या विचाराने भीती वाढते, भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, त्याने धडधड वाढते, आणि धडधड वाढली म्हणजे शंका खरीच होती, असं वाटतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र नेमकं मांडलं आणि आजच्या उपचारांचा मोठा भाग त्यावर उभा आहे. पहिली ठिणगी साधी असू शकते : अपुरी झोप, रिकाम्या पोटी दोन कप कडक चहा, नुकताच येऊन गेलेला ताप, डब्यातला उकाडा.

असा झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. तुम्ही काहीही केलं नाही तरी ओसरतो, कारण शरीर इतकी तयारी फार वेळ टिकवू शकत नाही. घरच्यांना हे वाचायला द्या. 'मनाचे खेळ' म्हटल्याने माणूस बरा होत नाही, फक्त सांगायचं थांबवतो.

प्रश्न : खरा हार्ट अटॅक आणि हा, यातला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा? (सातारा)

उत्तर : पहिल्या वेळी ओळखायच्या भानगडीत पडू नका. छातीत पहिल्यांदाच असं काही झालं तर डॉक्टर गाठायचा, ईसीजी काढायचा. वय चाळिशीपुढचं असेल, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असेल तर एक मिनिटही दवडू नका, १०८ ला फोन करा. छातीवर ओझं ठेवल्यासारखं दाबून येणं, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, जिना चढताना वाढणं आणि थांबल्यावर कमी होणं, ही हृदयाची लक्षणं समजायची. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकार नुसता दम लागणं, मळमळ किंवा प्रचंड थकवा अशा रूपातही येतो. 'गॅसेस झाले असतील' म्हणून सोडा पाजत बसू नका.

पॅनिक अटॅकसारखीच लक्षणं देणारी आणखीही दुखणी आहेत. वाढलेलं थायरॉइड, रक्तातली साखर एकदम उतरणं, ॲनिमिया, दमा, हृदयाचे ठोके अचानक बेताल होणं. त्यामुळे एकदा नीट तपासणी हवीच.

मात्र ती एकदाच. सगळं नीट निघाल्यावरही दर पंधरा दिवसांनी नवा ईसीजी, नवा डॉक्टर, बोटाला सतत ऑक्सिमीटर असं सुरू झालं की तपासणीच आजार पोसू लागते. रिपोर्टचा दिलासा दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशी शंका परत येते. लक्षणं बदलली किंवा श्रम केल्यावर येऊ लागली, तर मात्र पुन्हा दाखवायचं.

प्रश्न : मला त्रास होतो तेव्हा हातापायांना, ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं वाकडी होऊन आखडतात, डोकं हलकं होतं. सासूबाई कांदा हुंगवतात, दृष्ट काढतात. शेजारी म्हणतात, कागदी पिशवीत श्वास घे. मी बेशुद्ध पडेन का? (इचलकरंजी)

उत्तर : तुमची बोटं आखडण्याचं कारण तुमच्या श्वासात आहे. घाबरल्यावर आपण भराभर आणि छातीच्या वरच्या भागातून श्वास घेतो. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की रक्ताची रासायनिक घडी थोडी बदलते, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या किंचित आकसतात आणि डोकं हलकं होतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियमही घटतं, म्हणून मुंग्या येतात आणि बोटं आखडतात. श्वास संथ झाला की हे सगळं आपोआप जागेवर येतं, इजा काही होत नाही.

म्हणजे त्या वेळी तुम्हाला हवा कमी पडते आहे असं वाटतं, तेव्हा ती जास्तच होत असते. म्हणूनच 'दीर्घ श्वास घे, मोठा श्वास घे' हा सल्ला पुष्कळदा उलटा बसतो. लक्ष श्वास सोडण्याकडे द्या. खांदे सैल सोडा. एक हात पोटावर ठेवा. तोंड मिटून नाकाने साधाच श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजत. मग ओठ थोडे मिटून, गरम चहावर फुंकर घालतो तसा सहापर्यंत मोजत सोडा. पोटावरचा हात खाली जाताना जाणवायला हवा. चार-पाच मिनिटं हे केलं की मुंग्या उतरू लागतात. सराव मात्र रोज, त्रास नसताना करायचा, कारण घाबरलेल्या अवस्थेत नवं काही शिकता येत नाही.

कागदी पिशवीचा सल्ला जुना आहे आणि आता तो देत नाहीत. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला तर त्या पिशवीने घात होऊ शकतो. कांद्याने अपाय नाही, पण उपायही नाही. सासूबाईंना सांगा, दृष्ट काढण्याऐवजी शेजारी बसून सहापर्यंत आकडे मोजा. त्यांची काळजी खरी आहे, तिला काम द्या.

बेशुद्ध पडण्याबद्दल : शुद्ध हरपते ती बहुतेक वेळा रक्तदाब एकदम उतरल्याने. पॅनिक अटॅकमध्ये रक्तदाब थोडा चढतो, त्यामुळे चक्कर आल्यासारखं वाटलं तरी माणूस सहसा कोसळत नाही. रक्त किंवा इंजेक्शन पाहून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. वेड लागण्याची भीतीही अनेक जण लिहितात. आपण आणि आजूबाजूचं सगळं खोटं, परकं वाटणं हा झटक्याचाच एक भाग आहे. त्यातून वेड लागत नाही.

प्रश्न : दिवसभर मी बरा असतो. रात्री दीड-दोनला गाढ झोपेतून दचकून उठतो, छाती धडधडत असते, खिडकीकडे धावतो. झोपेत कसली आली काळजी? (नागपूर)

उत्तर : रात्रीचा पॅनिक अटॅक हा ओळखीचा प्रकार आहे. तो स्वप्नांच्या झोपेत येत नाही. झोप हलक्या टप्प्यातून गाढ टप्प्यात उतरताना येतो. म्हणून उठल्यावर कुठलंच वाईट स्वप्न आठवत नाही आणि माणूस अधिकच घाबरतो.

भीतीला विचारच हवा असतो असं नाही, शरीराच्या आतूनही ती उठू शकते. अमेरिकेत एका स्त्रीच्या मेंदूतला अमिग्डला हा भाग दुर्मिळ आजाराने दोन्ही बाजूंनी निकामी झाला होता. साप, कोळी, भुताटकीची घरं, कशालाच ती भीत नव्हती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली आणि तिला चक्क पॅनिक अटॅक आला. असंच नुकसान झालेल्या आणखी दोघांच्या बाबतीतही तेच घडलं. गुदमरण्याची सूचना देणारी यंत्रणा मेंदूत वेगळी आहे, आणि काहींच्यात ती फार हळवी असते.

तुम्ही करण्यासारखं : संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद. झोप यावी म्हणून दारू नको, ती उतरताना धडधड वाढवते. जाग आली तर दिवा लावून अंथरुणातच उठून बसा, श्वास सोडण्याकडे लक्ष द्या आणि ओसरेपर्यंत थांबा. घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी आधी करून घ्या.

प्रश्न : हा आजकालचा आजार आहे का? आमच्या आजी-आजोबांच्या तोंडून असलं कधी ऐकलं नाही. (रत्नागिरी)

उत्तर : आजार जुना आहे, आजचं नाव नवं. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या तीनशेहून अधिक सैनिकांना छातीत धडधड, दम लागणं, चक्कर असा त्रास होता आणि हृदयात दोष सापडत नव्हता. डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्याची नोंद 'चिडखोर हृदय' अशा अर्थाच्या नावाने केली. त्याच वर्षी बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी मोकळे चौक ओलांडताना गर्भगळीत होणाऱ्या पुरुषांबद्दल लिहिलं. १९६० च्या सुमारास डोनाल्ड क्लाइन यांच्या लक्षात आलं की, इमिप्रामिन या औषधाने रुग्णांची सततची काळजी फारशी हटत नाही, पण अचानक येणारे झटके थांबतात. म्हणजे दोन्ही गोष्टी वेगळ्या. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पॅनिक डिसऑर्डर हा स्वतंत्र आजार म्हणून आला.

अनेक देशांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत शंभरातल्या सुमारे १३ जणांनी आयुष्यात केव्हातरी असा झटका आल्याचं सांगितलं. त्यातल्या बहुतेकांचा पुढे आजार झाला नाही. एखादा झटका येऊन जाणं वेगळं, आणि तो परत येईल या धास्तीत महिनोन्‌महिने जगणं वेगळं. दुसऱ्याला आजार म्हणतात. तुमच्या आजीच्या काळी 'जीव घाबरा होतो' म्हणणाऱ्या, एकट्याने देवळातही न जाणाऱ्या बायका घरोघर होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही, एवढंच.

प्रश्न : यजमानांना वर्षापूर्वी एसटीत असा त्रास झाला. तेव्हापासून एसटी बंद. मग बँकेची रांग, लग्नकार्यं बंद. आता मी सोबत असल्याशिवाय कोपऱ्यावर दूध आणायलाही जात नाहीत. जबरदस्ती करावी की जपावं? (अहिल्यानगर)

उत्तर : या सदरात आज एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही : झटक्याने माणसाचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं तो टाळण्याच्या धडपडीने होतं. एसटी टाळली की लगेच हायसं वाटतं. मेंदू त्यातून शिकतो की एसटी खरंच धोक्याची होती, आपण वाचलो. प्रत्येक टाळणुकीने भीतीला पुरावा मिळतो आणि जग एकेका गल्लीने लहान होत जातं. खिशातली 'असू दे जवळ' म्हणून ठेवलेली गोळी, दाराजवळचीच जागा, सोबतीला बायको, हीसुद्धा टाळणूकच. मेंदू श्रेय गोळीला आणि तुम्हाला देतो, त्यांच्या स्वतःच्या धीराला देत नाही.

त्यामुळे जबरदस्ती नको आणि नुसतं जपणंही नको. दोघांनी बसून पायऱ्या लिहा, सर्वांत सोपी खाली. उदाहरणार्थ : तुम्ही दारात उभ्या आणि त्यांनी कोपऱ्यावरून दूध आणायचं. मग तुम्ही घरात असताना. मग एकट्याने चौकापर्यंत. मग स्टँडवर जाऊन नुसतं पंधरा मिनिटं बसून यायचं. मग उभ्या एसटीत चढून उतरायचं. मग तुमच्यासोबत एक थांबा, मग एकट्याने एक थांबा, मग तालुक्यापर्यंत.

प्रत्येक पायरीवर भीती वाटणारच, ती वाटावीच. नियम एवढाच की भीती शिगेला असताना तिथून पळायचं नाही. ती थोडी उतरेपर्यंत थांबायचं आणि मग सावकाश निघायचं. एक पायरी चार-पाच वेळा केल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. घडीभर पाय मागे आला तर खालच्या पायरीवर पुन्हा उभं राहायचं, ओरडायचं नाही.

जाणकार मानसतज्ज्ञ याला आणखी एक जोड देतात. झटक्यात जे जाणवतं तेच खोलीत मुद्दाम घडवून आणतात. जागच्या जागी धावायला लावून धडधड, फिरत्या खुर्चीत गरगर फिरवून चक्कर, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावून कोंडल्यासारखं वाटणं. मिनिटभराने थांबवतात आणि काय झालं ते विचारतात. धडधडलं, गरगरलं आणि गेलं. हे स्वतःच्या अंगावर अनुभवलेला माणूस त्या संवेदनेला पुन्हा तितका भीत नाही. हृदयविकार, दमा, फिट्स असतील किंवा गर्भारपण असेल, तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

प्रश्न : मानसोपचारतज्ज्ञांनी रोजची गोळी लिहून दिली आहे. आयुष्यभर सवय लागेल म्हणून सुरूच केली नाही. त्याऐवजी मित्राने दिलेली झोपेची छोटी गोळी लागेल तेव्हा घेतो. चालेल ना? (नाशिक)

उत्तर : तुमची भीती योग्य आहे, फक्त गोळी चुकीची निवडली आहे. सवय लागते ती मित्राने दिलेल्या प्रकारच्या गोळीची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातली औषधं अर्ध्या-पाऊण तासात आराम देतात, म्हणूनच हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो. डॉक्टर ती गरजेपुरती, थोड्या दिवसांसाठी वापरतात. दारूसोबत ती जिवावर बेततात. तुम्ही बरेच दिवस रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असतात.

रोज घ्यायची एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही औषधं वेगळी. त्यांची नशा नाही, डोस वाढवत नेण्याची ओढ नाही. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थता थोडी वाढूही शकते, म्हणून सुरुवात छोट्या डोसने करतात. इथेच बरेच जण 'सोसत नाही' म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही ती बहुधा काही महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग टप्प्याटप्प्याने थांबवतात. गोळीशिवाय, फक्त मानसोपचारानेही अनेक जण बरे होतात. दोन्ही एकत्रही चालतात. कोणता मार्ग घ्यायचा, ते डॉक्टरांशी मोकळं बोलून ठरवा.

खर्चाचीही चौकशी अनेकांनी केली आहे. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग असतो, तिथे दाखवा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर आजच लावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांसाठीही आरोग्यविमा द्यावा लागतो. पॉलिसीतले तपशील विचारून घ्या.

प्रश्न : गाडीत शेजारच्या माणसाला असं झालं तर आपण काय करावं? (पनवेल)

उत्तर : गर्दी बाजूला करा, चार जणांनी वारा घालत वाकून उभं राहू नका. समोर, त्याच्या नजरेच्या उंचीला बसा. आधी असं झालं होतं का आणि हृदयाचं काही आहे का, हे विचारा. पहिलीच वेळ असेल किंवा छातीत दाबून दुखत असेल तर पुढच्या स्टेशनवर मदत मागवा. आधी होऊन गेलं असेल, तपासणीही झाली असेल, तर शांत आवाजात सांगा : 'मी इथेच आहे, थोड्या वेळात उतरेल.' मग त्याच्यासोबत सावकाश श्वास सोडा. 'घाबरू नका' म्हणून उपयोग नाही, भीती हुकमाने जात नाही.

प्रश्न : उपचारांनी मी बरी आहे, कामावर जाते. पण हे पुन्हा कधीच येणार नाही, अशी खात्री कोणी देईल का? (पुणे)

उत्तर : तशी खात्री कोणी देत असेल तर तिच्यावर विसंबू नका. जागरण, आजारपण, घरातलं दुःख, अशा दिवसांत एखादा झटका येऊ शकतो. तो आला म्हणजे सगळं पाण्यात गेलं, असा अर्थ नाही. बरं होण्याचं माप झटक्यांच्या मोजणीत नसतं. झटका येऊ शकतो हे माहीत असूनही तुम्ही गाडी पकडता का, एकट्याने बाजारात जाता का, आवडत्या माणसाच्या लग्नाला पहिल्या रांगेत बसता का, त्यावर ते ठरतं. उद्या रस्त्यात धडधडलं तर चाल थोडी हळू करा, श्वास सोडत राहा आणि जिथे निघाला होतात तिथे पोचा. घरी परतू नका.